गुरुवारचा भोंगा

सुनेने मला या ग्रुपवर घेतलं त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून तुम्हा सगळ्यांचे अनुभव वाचतेय. पिंपळ, विहीर, घाटातलं वळण, लिफ्ट मागणारी बाई... खरं सांगू का, मला हसूच येतं. रागावू नका. आमच्या घरात देव्हाराच नव्हता, तिथे भुताला कोण जागा देणार! बाबा कंपनीत कामगार, धम्म घेतलेलं घर. शेजारणीच्या अंगात आलं की बाबा म्हणायचे, "तिला आधी लिंबूपाणी द्या, सकाळपासून उपाशी आहे ती." तशा घरात मी वाढले. पुढे पस्तीस वर्षं माणसांची आजारपणं काढली, किती जण माझ्या हातांत गेले त्याची गणती नाही. एकही परत येऊन भेटलं नाही. आलं असतं तर बरंच झालं असतं, दोघाचौघांना विचारायचं राहिलंय.

तर माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती कुठल्या खणात ठेवायची ते मला अजून कळलेलं नाही. ती सांगते. फक्त एक करा — खाली उपाय सुचवू नका, शांतीबिंती सांगू नका. त्यात भिण्यासारखं काहीच नाही. असलंच तर माझी लाज वाटण्यासारखं आहे.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. पिंपरीकडून मोशीला जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा एका बाजूला ज्वारीची रानं होती आणि दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या भिंती. त्या रानांच्या कडेला एका ट्रस्टने म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी घर चालवलं होतं. नाव सांगत नाही. आज तिथे बारा मजली सोसायटी आहे आणि खाली मोबाईलचं दुकान. तेव्हा सिमेंटच्या पत्र्यांची बैठी इमारत होती, पुढे लांबलचक व्हरांडा. त्या व्हरांड्याच्या टोकाला आमची खोली — चार कॉटची. ज्यांना स्वतःहून कूसही बदलता येत नाही अशा चार बायका तिथे असायच्या.

मी एकोणीस वर्षांची. मॅट्रिक झालेली, लग्नाचं बघणं चाललं होतं, ते मला नको होतं. मला नर्सिंग करायचं होतं. कागदावर माझी जागा 'मदतनीस' अशी होती, पण सगळे आयाच म्हणायचे. मीही मनावर घेतलं नाही. काम तेच — अंघोळ घालणं, भरवणं, शौचाचं भांडं देणं, चादर बदलणं, कूस बदलणं.

आम्हाला शिकवायच्या त्या अम्मिणी सिस्टर. केरळच्या. मराठी त्या पेशंटांकडूनच शिकल्या होत्या, त्यामुळे शिव्या पक्क्या आणि व्याकरण कच्चं. सडपातळ बाई, पण तिच्या चपलांचा आवाज आला की आम्ही बसल्या जागेवरून उठायचो. तिचं पहिलं म्हणणं असं की पेशंटला हात लावायच्या आधी तोंडाने सांगायचं. "आजी, आता कूस बदलते हं. आजी, पाणी कोमट आहे हं." ऐकू येत नसेल तरी, समजत नसेल तरी. "ती गाठोडं नाही ना. गाठोडं उचलताना कोण बोलतो? माणूस उचलताना बोलायचं." भरवताना डोकं उंच हवं, उशा लावून बसवल्याशिवाय घास द्यायचा नाही. लकवा झालेल्या बाजूच्या गालात घास साठून राहतो आणि पेशंटला ते कळतही नाही, म्हणून भरवून झालं की बोटाला ओला फडका गुंडाळून गाल तपासायचा. आणि दर दोन तासांनी कूस. डावी, उताणी, उजवी. नाही बदलली तर चार दिवसांत कमरेवर जखम होते, आणि ती जखम एकदा झाली की कुणाच्या बापाला ऐकत नाही.

कूस बदलली की कॉटच्या पायथ्याला लटकवलेल्या चार्टवर त्या वेळेच्या रकान्यात खूण करायची. पेन्सिल मी अंबाड्यात खोवून ठेवायची. सिस्टर त्यावरूनही बोलायच्या — "पहिला हात, मग पेन्सिल." म्हणजे आधी काम, मग खूण. दिवसातून दहादा. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

आता भोंग्याचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे.

रानापलीकडे बाबांची कंपनी होती. तिचा भोंगा वाफेवर चालायचा. असा दणदणीत की चहाच्या कपात पाणी थरथरायचं. सकाळी सातला पाळी भरायचा, नऊला चहाचा, अकराला पहिल्या जेवणाचा, एकला दुसऱ्या जेवणाचा आणि तीनला पाळी सुटायचा. बरोबर दोन-दोन तास! सिस्टरांनी ते हेरलं आणि आमच्या कुशीचं वेळापत्रकच भोंग्यावर बसवलं. हॉलमधलं घड्याळ आठवड्यातून दोनदा बंद पडायचं, भोंगा कधी पडायचा नाही. भोंगा झाला की आम्ही हातातलं टाकून उठायचो. पेशंटांनाही सवय झाली होती. कॉटला पाईपचे कठडे होते, एका वर्कशॉपवाल्याने भंगारातले पाईप वेल्डिंग करून दिलेले. भोंगा ऐकला की बायका आपापल्या चांगल्या हाताने कठडा धरून ठेवायच्या, म्हणजे आम्हाला वळवायला सोपं जायचं. आम्ही खोलीत शिरायच्या आत हात कठड्यावर. कवायतच म्हणा ना.

फक्त चंद्राबाईचं तसं नव्हतं. ती ठार बहिरी. कानाशी थाळी आपटली तरी पापणी हलायची नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून, तोंडासमोर तोंड नेऊन सांगावं लागायचं, मग ती कठडा धरायची.

दुसरी भागूआजी. चऱ्होलीची, जुन्या शेतकरी घरातली. लकव्याने उजवी बाजू गेली होती आणि वाचा पण गेली होती, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे "बरं". भूक लागली, बरं. पाणी गार आहे, बरं. मेलीस तू, बरं. त्या एका शब्दात ती सगळं बोलायची, आणि महिनाभरात मला तिचे वीस-पंचवीस 'बरं' ओळखता यायला लागले. पहिल्या आठवड्यात तिच्या सुनेने मला आडनाव विचारलं होतं. सांगितल्यावर तिचा चेहरा जरा आखडला. म्हणाली, "दुसरं कुनी न्हाई का अंघोळीला?" भागूआजीने डाव्या हाताने माझा पदर धरला आणि सुनेकडे बघून जो 'बरं' काढला ना... त्याचा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही. तेव्हापासून आजी माझी आणि मी तिची.

बाकीच्या दोघी शांत होत्या बिचाऱ्या, त्यांचं काही विशेष नाही.

आता तुम्ही विचाराल, कंपनीला सुट्टी असेल तेव्हा काय? बरोबर. आपल्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी भोंगा नाही. तेव्हा घड्याळाकडे बघून कूस बदलायची असा नियम होता. पण गुरुवारी सिस्टरांचीही अर्ध्या दिवसाची सुट्टी असायची. आणि माझ्यासोबत पाळीला असणारी शांताबाई — दहा वर्षांची जुनी आया — तिने मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, "गुरवारी कोण सारखं घड्याळ बघत बसणार? सकाळीच पाची खुणा मारून टाकायच्या. आठवंल तसं बदलायचं. मरतंय का कोण?"

मी मारायला लागले. पहिल्यांदा हात कचरला, दुसऱ्यांदा कमी कचरला, तिसऱ्यांदा काहीच वाटलं नाही. एवढंच लागतं बघा.

त्या गुरुवारीही सकाळी सातला मी चारही चार्टवर तीनपर्यंतच्या खुणा केल्या. भागूआजी टक लावून बघत होती. मी म्हटलं, "काय बघता आजी?" आणि पेन्सिल अंबाड्यात खोवली.

गुरुवारी कामगारांना सुट्टी, म्हणून भेटायला येणाऱ्यांची गर्दीही गुरुवारीच. बाराच्या सुमाराला आजीचा मुलगा आला. बाळासाहेब. कंपनीत फिटर, अंगाने आडवा, स्वभावाने गाय. आईसाठी बुंदीचा लाडू आणला होता. "आईला लई आवडतो, मंदाताई." मी म्हटलं, उशा लावून बसवा आणि अगदी बारीक घास द्या. तो व्हय व्हय म्हणाला आणि मी व्हरांड्यात आले. पुढे त्याने काय केलं ते नंतर कळलं. आईला उचलून बसवताना तिला दुखेल म्हणून त्या आईवेड्या माणसाने तिला उताणीच ठेवलं आणि मायेने लाडू चारला. जाताना मला हात करून गेला. मी गाल तपासायला जायला हवं होतं. मी गेले नाही.

का गेले नाही? कारण मी फॉर्म भरत बसले होते. नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म, शनिवारपर्यंत पोचवायचा होता. सिस्टरांनी शिफारशीची चिठ्ठी द्यायचं कबूल केलं होतं, आणि ती चिठ्ठी म्हणजे माझं सगळं आयुष्य होतं असं मला तेव्हा वाटायचं. चिठ्ठी मिळाली तर नर्स, नाही तर लग्न. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून एकेक अक्षर कोरून लिहीत होते. शांताबाई आत हॉलमध्ये कुणाशी तरी भांडत होती. वॉचमन पांडबा फाटकापाशी खुर्चीत. टळटळीत ऊन. कूस बदलायची मला आठवण नव्हती. आठवली असती तरी म्हटलं असतं, खूण झालीय, होईल सावकाश.

आणि भोंगा झाला.

अगदी नेहमीचा. आधी खालचा घोगरा सूर, मग वर चढत जाणारा, मग एकदम तुटणारा. पायरीवर ठेवलेल्या कपातला चहा थरथरला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी उठले. आज गुरुवार आहे वगैरे काही मनात आलं नाही. पाय उठले आणि त्यांच्यामागून मी. फॉर्म वाऱ्याने खाली पडला तोही उचलला नाही.

खोलीत शिरले. तीन हात कठड्यांवर होते.

चौथा नव्हता. रोज सगळ्यात आधी कठडा धरणारा हात भागूआजीचा, आणि आज तिचा हात चादरीत रुतला होता. एरवी मी दाराजवळच्या कॉटपासून सुरुवात करते, आजीचा नंबर तिसरा. त्या दिवशी सरळ तिच्याकडे धावले. चेहरा काळानिळा. डोळे पांढरे व्हायला लागलेले. आवाज नाही, खोकला नाही, काहीच नाही. तुम्ही बाहेर बसला असतात तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं.

"आजी, कूस बदलते हं," असं मी म्हणाले! त्या वेळेलासुद्धा. तोंडातून निघूनच गेलं. एका झटक्यात तिला डाव्या कुशीवर घेतलं, पदर बोटाला गुंडाळला आणि गालात घातला. लाडवाचा हा एवढा गोळा बाहेर आला. पाठीत थापटलं, परत बोट घातलं, परत थापटलं. मी रडत होते आणि शिव्या देत होते, बाळासाहेबाला, स्वतःला, बुंदीला. मग आजीच्या छातीतून फाटल्यासारखा आवाज आला आणि तिने श्वास घेतला.

शांताबाई धावत आली. पांडबा आला. आजीचा रंग परत आला, ती धापा टाकत माझ्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बरं." मी तिच्या उशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडले.

शांताबाई म्हणाली, "तुला कळलं कसं गं? तू तर भायेर होतीस."

मी म्हटलं, "भोंगा झाला ना. मी कूस बदलायला आले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पांडबा म्हणाला, "आज गुरवार हाय, पोरी. भोंगा कसला?"

"आत्ता झाला की!"

"म्या फाटकावर बसलोय न्हवं सकाळपासनं? कावळा वरडला न्हाई आन् भोंगा कुठला? उन्हानं चक्कर आली आसंल तुला."

मी घड्याळ बघितलं. नशिबाने त्या दिवशी चालू होतं. आजीला वळवून, तिचा श्वास येऊन, रडून वगैरे झाल्यावर घड्याळात एक वाजायला तीन-चार मिनिटं होती. म्हणजे मी भोंगा ऐकला तो पावणेएकच्या आसपास. एकचा भोंगा दहा-पंधरा मिनिटं आधी! बाबांच्या कंपनीचा भोंगा कधी एक मिनिट पुढे-मागे झाल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि एकला झाला असता तर... ते मला त्यानंतर रात्री कित्येकदा आठवायचं.

पांडबा म्हणाला तशी उन्हाची चक्कर मीही मान्य केली असती. पण मग ते तीन हात?

मी परत खोलीत गेले. दोघी शांत बायकांना विचारलं, "तुम्ही कठडा का धरला होता?" दोघी म्हणाल्या, "भोंगा झाला म्हणून." बरं, म्हटलं, माझी धावपळ ऐकून त्यांना तसं वाटलं असेल. मग चंद्राबाईकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर होती. खोलीत काय चाललंय तिला दिसत नव्हतं. कुणी तिच्या खांद्याला हात लावला नव्हता. तिने अजूनही कठडा धरून ठेवला होता, बोटं पांढरी पडली होती, आणि ती वाट बघत होती. मी वाकून तिच्या तोंडासमोर तोंड नेलं तर जरा चिडूनच म्हणाली, "किती येळ गं? कवाधरनं धरून बसलेय."

मी आधी तिची कूस बदलली.

संध्याकाळी घरी बाबांना सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही, हसलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी कंपनीत बॉयलरवरच्या माणसाला विचारून आले. म्हणाले, "मंदे, काल बॉयलर सफाईला उघडला होता. आत माणूस उतरला होता घासायला. वाफच नाही तर भोंगा वाजणार कशाने?" मग म्हणाले, "भोंगा वाजला नाही हे नक्की. तू वेळेवर उठलीस हेही नक्की. मधलं मला माहीत नाही." बाबांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द मी फार कमी वेळा ऐकले.

इथे संपलं असतं तर ही नुसती नवलाची गोष्ट झाली असती. पण पुढे ऐका.

शुक्रवारी सिस्टर आल्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्या खोलीत आल्या, आजीचा चार्ट उचलला, एकच्या रकान्यातली माझी खूण बघितली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "सगळा लोक गुरुवारी आळस करतो. तू नाही केला. म्हणून ही बाई जिवंत." ऑफिसात नेऊन समोर बसवून त्यांनी माझी चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत लिहिली आणि मला मराठीत वाचून दाखवली — ही मुलगी वेळेची पक्की आहे, कुणी बघत नसताना काम करते, हिच्यामुळे एका पेशंटचा जीव वाचला.

कुणी बघत नसताना! माझे कान तापले. चिठ्ठी घेतली. थँक्यू सिस्टर म्हटलं.

तिथून निघाले ती आजीकडे आले. का आले माहीत नाही, दाखवायला आले असेन. अकराचा भोंगा झाला — खरा, शुक्रवारचा. आजीने कठडा धरला, मी तिची कूस बदलली, गुडघ्यांत उशी दिली. मग चार्टवर खूण करायला अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि हात पुढे जाईना. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आजी, काल मी सकाळीच सगळ्या खुणा करून ठेवल्या होत्या. मी येणार नव्हते. तुम्ही पाहिलंत ना?"

आजी 'बरं' म्हणाली नाही. माझ्या विचारण्याला तिचं 'बरं' आलं नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं. तिने डावा हात पुढे केला, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःच्या उशीखाली ठेवली. मग डोळे मिटून घेतले.

मी मग ऑफिसात गेले आणि चिठ्ठी सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "खूण खोटी आहे सिस्टर. सकाळी सातला केलेली. आणि गाल तपासला नाही तोही मीच." शांताबाईचं नाव घेतलं नाही. शिकवलं तिने, पण हात माझा होता.

सिस्टरांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चिठ्ठी घडी करून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "मग तू आत कशी गेली?"

मी भोंग्याचं सांगितलं. तीन हातांचं सांगितलं, चंद्राबाईचं सांगितलं. मला वाटलं त्या छातीवर क्रॉस करतील, देवाचं नाव घेतील. त्या खिडकीतून रानाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला माहीत नाही ते काय. फॉर्म पुढच्या वर्षी भर. आता जा, दोन नंबर बेडचा चादर ओला आहे."

एक वर्ष गेलं माझं. आईने महिनाभर डोकं खाल्लं, स्थळं आणली. मी सगळ्यांना नकार दिला आणि चार कॉटच्या खोलीत काम करत राहिले. पेन्सिल आजीकडेच राहिली. कूस बदलून झाली, उशा लावून झाल्या, पाठीवरून हात फिरवून झाला की ती उशीखालून पेन्सिल काढून मला द्यायची. चारही चार्टवर खुणा करून झाल्या की हात पुढे करायची, परत दे. एकदा मी घाईत चंद्राबाईची कूस बदलायच्या आधीच तिची खूण करायला गेले तर तिने अख्खं तोंड वाकडं करून 'बरं' म्हटलं. गुरुवारी ती उघड्या दारातून हॉलमधल्या घड्याळाकडे डोळे लावून असायची. शांताबाई वैतागून म्हणायची, "ही म्हातारी आपली सुपरवायझर झालीय." पण शांताबाईच्याही आधीच्या खुणा त्या खोलीत बंद झाल्या. पेन्सिलच मिळायची नाही ना!

बाळासाहेब दर गुरुवारी यायचा. मी त्याला उशा लावायला शिकवलं, गाल तपासायला शिकवलं. तो एवढाल्या फिटरच्या बोटाला फडका गुंडाळून आईच्या गालात इतका हळू फिरवायचा की मला बघवायचं नाही. लाडू मात्र त्याने परत आणला नाही. मी म्हटलं, आणा, मी कुस्करून देते दुधात. तेव्हा तो दाराशी बसून रडला.

वर्ष व्हायला आलं. माझा दुसरा फॉर्म गेला होता, सिस्टरांनी नवीन चिठ्ठी लिहिली होती. या खेपेला त्यात काय लिहिलंय ते त्यांनी वाचून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका गुरुवारी सकाळी सातला मी पाळीवर आले, तर भागूआजी गेली होती. पहाटे कधीतरी, झोपेत. चेहरा अगदी शांत. रात्रीच्या बाईने बाळासाहेबाकडे निरोप धाडला होता.

पाठ पुसायची होती, स्वच्छ लुगडं नेसवायचं होतं, त्यासाठी कूस बदलावी लागणार होती. खोलीत बाकीच्या तिघी जाग्या होत्या. बाहेर रानात ऊन पसरत होतं. मी कॉटपाशी उभी राहिले... आणि कबूल करते, मी वाट बघितली. भोंग्याची. मिनिटभर, दोन मिनिटं. तो झाला नाही. गुरुवारच होता.

मी म्हटलं, "आजी, कूस बदलते हं."

वळवलं. पाठीवर एक ओरखडा नव्हता, एक लाल डाग नव्हता. दोन वर्षं अंथरुणात काढलेली बाई! पाठ पुसली, लुगडं नेसवलं, केस विंचरले. उशी काढताना खालून पेन्सिल निघाली, बोटभर उरलेली. तिने द्यायची ती माझी मीच घेतली आणि चार्टवर सातच्या रकान्यात खूण केली. शेवटची. कूस बदलल्यानंतर.

पुढे मी नर्स झाले, त्यानंतर बरंच काही झालं. भोंगे गेले, कंपन्या गेल्या, सिस्टर केरळला गेल्या. कितीतरी डॉक्टरांना मी हे सांगितलं. एकाने सांगितलं, सवय असते, मेंदू आपोआप भोंगा वाजवतो. मी म्हटलं, पंधरा मिनिटं आधी? दुसरा म्हणाला, आजीची काहीतरी हालचाल तुमच्या कानाने टिपली असेल. असेल बुवा. पण मग चंद्राबाईच्या कानाने काय टिपलं? त्यावर दोघेही चहा प्यायला लागले. मला मिळालेलं उत्तर अजून बाबांचंच आहे — मधलं माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. आज दुपारी मात्र विचारू नका. आमचे हे गेल्या वर्षापासून अंथरुणाला आहेत, आणि एक वाजत आलाय.